सात छटांतली एक

छापखान्यात त्यांना सगळे रंगमास्तर म्हणत. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवले नव्हते. परंतु चित्राचा रंग कोठे घसरला आहे हे त्यांनी एकदा सांगितले की त्यावर पुढे दाद मागायची सोय नसे. त्यावरून हे नाव पडले आणि मग पगारपत्रक सोडले तर त्यांचे खरे नाव कोठे उरले नाही.

त्यांचे काम तसे सांगायला सोपे होते. चित्रकाराचे मूळ चित्र यंत्रातून पडद्यावर आले की ते मुळाशी ताडून पाहायचे, रंगांचे कमीजास्त दुरुस्त करायचे, नमुन्याचे प्रूफ काढायचे आणि त्यावर सही करायची. सही झाली की प्लेट, प्लेट झाली की मशीन. अडतीस वर्षे त्यांनी हेच केले. टेबलाच्या डाव्या अंगाला भिंग, उजव्या अंगाला स्वतः बनवलेली रंगपट्टी. खिडकीला करडा पडदा आणि अंगात पांढरा किंवा करडाच सदरा, कारण रंगीत कापड शेजारी असले की नजर फसते. त्यांची पत्नी पाहुण्यांना सांगे, "मला बघायला आले तेव्हा माझ्याआधी यांनी आमच्या भिंतीकडे पाहिलं. म्हणाले, पिवळा जरा जास्त झालाय. मी तेव्हाच ओळखलं, हा माणूस खोटं बोलायचा नाही."

मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांसाठी मास्तरांचा एक नियम होता. पुस्तकातल्या प्रत्येक पात्राचा रंग पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच असला पाहिजे. या नियमामागे एक हत्ती होता. फार वर्षांपूर्वी एका पुस्तकातला हत्ती पाचव्या पानावर राखी आणि नवव्या पानावर निळसर छापला गेला, तेव्हा अकरा मुलांनी पत्रे पाठवून विचारले होते की पहिला हत्ती कोठे गेला. पुढच्या आवृत्तीत मास्तरांनी दोन्ही रंगांची सरासरी काढून हत्ती एकच केला होता. तेव्हापासून त्यांनी प्रत्येक पुस्तकासाठी एक तपासणीपत्रक सुरू केले. त्यातला सहावा रकाना होता, 'चित्रकाराशी बोलणे झाले का?'

अशा या माणसाच्या टेबलावर त्या वर्षी एक पुस्तक आले. सोळा चित्रे, जाड कागदावर पाण्याच्या रंगांत काढलेली. गोष्ट एका लहान मुलीची होती. आई इथलीच, वडील समुद्रापलीकडच्या मुलखातले. तिच्या घरात दोन भाषा, दोन आज्या, झोपताना म्हणायची दोन गाणी. प्रत्येक वस्तूला दोन दोन नावे असल्यामुळे तिला इतर मुलांपेक्षा सगळेच दुप्पट मिळाले आहे, असा पुस्तकाचा आनंदी सूर होता. प्रकाशन चालवणाऱ्या बाई चित्रे घेऊन स्वतः आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, हे तुमच्या मुंगीचंच पुस्तक आहे असं समजा."

मुंगी म्हणजे मास्तरांची नात, वय वर्षे सहा. तिचे वडीलही परक्या मुलखातून कामासाठी आलेले आणि इथे लिफ्टच्या दुरुस्तीचे काम करणारे. लेकीने या माणसाशी लग्न करायचे ठरवले, तेव्हा मास्तरांनी आदळआपट केली नाही की अबोला धरला नाही. वेळेवर गेले, नीट वागले, जावयांना पहिल्या दिवसापासून 'अहो जाहो' केले. आपण हे लग्न मनापासून स्वीकारले आहे, अशी त्यांची स्वतःविषयीची समजूत होती. ती तपासून पाहण्याचा प्रसंग आला नव्हता, इतकेच.

मास्तरांनी पुस्तक हाती घेतले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना चूक सापडली. मुलगी चौदा चित्रांत होती आणि तिच्या अंगाचा रंग जवळजवळ दर पानावर निराळा होता. त्यांनी पट्टी लावून मोजले, तर सात छटा निघाल्या. कोठे ती गडद तपकिरी, कोठे पिकल्या गव्हासारखी, कोठे या दोहोंच्या मध्ये. बाकी कशातही अशी ढिलाई नव्हती. आईच्या कपड्यांचा रंग पानोपान तंतोतंत जुळत होता, वडिलांच्या अंगाचाही जुळत होता. 'एवढी हुशार चित्रकर्ती, पण रंग कालवताना वाटी धुतलेली दिसत नाही,' असे ते मनाशी म्हणाले आणि कामाला लागले. एका पानावरची एक छटा उचलून त्यांनी चौदाही चित्रांत बसवली. तीन दिवस लागले. काम इतके सफाईदार झाले की त्यांनाच समाधान वाटले. तपासणीपत्रकातल्या सहाव्या रकान्यात त्यांनी लिहिले, 'आवश्यकता नाही'. चित्रकर्तीचा फोन नंबर त्याच कागदाच्या माथ्यावर होता. प्रूफ प्रकाशनाच्या बाईंकडे गेले आणि तासाभरात परत आले. "मास्तरांनी बघितलंय ना? मग सोडा," असे त्या म्हणाल्या होत्या.

तीन हजार प्रती छापून झाल्या. बांधणीतून निघालेली पहिली प्रत मास्तरांनी कागदात गुंडाळून घरी नेली. मुंगी शाळा सुटल्यावर आजीआजोबांकडे येई आणि संध्याकाळी आईबाबांपैकी कोणीतरी तिला घेऊन जाई. ती जमिनीवर पालथी पडून पुस्तक पाहू लागली. मास्तर खुर्चीत बसून तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मुलगी वडिलांच्या खांद्यावर बसून जत्रेतले दिवे पाहते आहे, त्या पानावर मुंगी थांबली.

"आजोबा, ही यांच्याकडे राहायला आलीय का?"

"कोण?"

"ही मुलगी. या काकांकडे."

"अगं, ते काका नाहीत. तिचे बाबा आहेत ते."

मुंगीने पान नाकाजवळ ओढले, मग लांब धरले. "नाहीत," ती म्हणाली. तिने आपला हात चित्रातल्या हाताशेजारी ठेवला. "माझा असा आहे. बाबांचा असा आहे. हिचा असा नाहीच ना. ही पाहुणी आहे."

"पुस्तकात लिहिलंय ना बाबा म्हणून."

"ते चुकून लिहिलं असेल."

आजी भाजी निवडत होती, तिने मान लांब करून पाहिले. "पोरगी म्हणते ते खरं आहे हो. मलाही वाटलं, शेजारपाजारच्या कुणाची धरून आणलीय."

"छपाईत थोडंफार इकडेतिकडे होतं," मास्तर म्हणाले.

हे वाक्य अडतीस वर्षांत त्यांच्या तोंडून कधी निघाले नव्हते. दुसऱ्याने उच्चारले तर त्याला त्यांनी उभ्या उभ्या फैलावर घेतले असते. आजीने हातातली जुडी खाली ठेवली आणि क्षणभर त्यांच्याकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी यायच्या आत मास्तरांनी मूळ चित्रे बाहेर काढली आणि लांब टेबलावर क्रमाने मांडली. आजवर ती त्यांनी एकेक करून पाहिली होती. सगळी एका ओळीत प्रथमच पाहत होते. वडिलांच्या खांद्यावर मुलगी वडिलांच्या रंगाकडे झुकली होती. आईच्या मांडीवर आईच्या रंगाकडे. एका बाकावर दोन आज्यांच्या मध्ये बसली होती, तेथे तिच्या एका गालावर एकीची छटा होती आणि दुसऱ्या गालावर दुसरीची. शेवटच्या पानावर ती आरशासमोर एकटी होती आणि तेथे तिचा रंग दोघांपैकी कोणाचाच नव्हता, तिचा स्वतःचा होता. त्या पानाविषयी, चित्रकर्तीचा रंग संपला असावा, असा तर्क त्यांनी केला होता. ज्या माणसांपाशी मूल असेल त्यांचा प्रकाश त्याच्या अंगावर पडतो, एवढी साधी गोष्ट चित्रकर्तीने चौदा पानांत एक अक्षर न लिहिता सांगितली होती. मास्तरांनी ती तीन दिवस खपून पुसून टाकली होती.

येथपर्यंतची चूक माणसाला पचवता आली असती. कळले नाही, विचारले नाही, वाईट झाले. पण मास्तर हिशेबी नजरेचे असल्यामुळे ते येथे थांबू शकले नाहीत. सातांतून आपण कोणती छटा उचलली, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. आईच्या मांडीवरची. सातांतली सर्वांत उजळ. हत्तीची त्यांनी सरासरी काढली होती. मुलीची काढावी हे त्यांच्या मनातही आले नव्हते. हात सरळ त्या पानाकडे गेला होता, आणि रेंगाळला नव्हता.

त्याच दुपारी चित्रकर्ती आपली चित्रे न्यायला आली. पन्नाशीकडे झुकलेली, ठेंगणी, बोटांच्या नखांत निळा रंग अडकलेला. तिने छापलेली प्रत उभ्यानेच चाळली.

"छपाई एकदम स्वच्छ झालीय, मास्तर."

मास्तरांनी मूळ चित्रांची चळत पुढे ओढली.

"माझंच काहीतरी फसलं. प्रत्येक पानावर मी पोरीचा रंग जरा जरा हलवला होता. मला वाटलं होतं, दिसेल. फार नाजूक झालं असणार, छपाईत टिकलं नाही." ती स्वतःवरच हसली. "वर्षभर त्यावर झोप घालवली, बोला. आता पुढच्या पुस्तकात असले उद्योग बंद. एक रंग ठरवायचा आणि डोळे झाकून सगळीकडे फासायचा."

"चहा घेणार?" मास्तरांनी विचारले.

"नको, बाहेर रिक्षा थांबवलीय."

मास्तरांनी चित्रे मोठ्या पाकिटात घातली आणि दोरी बांधायला घेतली. एक गाठ पुरे होती, त्यांनी तीन मारल्या. चित्रकर्तीला कळायचे काही कारण नव्हते. दोष तिने स्वतःच अंगावर घेतला होता. मास्तरांनी फक्त पाकीट पुढे करायचे होते. त्यांनी ते केलेही. ती दारापर्यंत गेली.

"बाई," मास्तर म्हणाले, "तो टिकला होता. मी काढला."

ती वळली. मास्तरांनी उभे राहून, कामाचा अहवाल द्यावा तसे सारे सांगितले. सात छटा, तीन दिवस, सहावा रकाना. तिने मध्ये एकदाही अडवले नाही.

"आणि लावलात तो कुठला?"

"पहिल्या पानावरचा. पहिलं पान प्रमाण धरायचं, असा आमच्याकडे नियम आहे."

तिने पाकीट टेबलावर ठेवले आणि तिन्ही गाठी सोडल्या. त्याला वेळ लागला. पहिले चित्र काढून तिने त्यांच्यासमोर धरले. वडिलांच्या आईने नुकत्याच जन्मलेल्या मुलीला उराशी धरले होते, आणि मुलीचा रंग साऱ्या पुस्तकात येथे सर्वांत गडद होता.

"हा?"

"नाही," मास्तर म्हणाले. "सगळ्यांत उजळ होता तो लावला."

"का?"

"तेव्हा मला कळलंही नाही. नजरेला तोच बरोबर वाटला."

"तुमच्या नजरेवर आम्ही सगळे डोळे मिटून सही करतो, मास्तर." आवाज चढला नव्हता. तिने चित्र जपून आत सरकवले. "प्रकाशनाच्या बाई सांगत होत्या, तुमची नातही अशीच आहे म्हणून. तिला दिलंत हे पुस्तक?"

"दिलं."

तिने पाकीट उचलले. जाताना एवढेच म्हणाली, "प्रकाशनाला तुम्ही लिहून कळवा. मी सांगितलं तर ती तक्रार होईल."

मास्तरांनी पत्र लिहिले. पान क्रमांक, मूळ छटा, बदललेली छटा, असे सारे तपशीलवार लिहून शेवटी 'ही चूक यंत्राची अथवा कागदाची नसून सर्वस्वी माझी आहे' असे वाक्य घातले आणि सही केली. दोन दिवसांनी प्रकाशनाच्या बाईंचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत, थकल्यासारख्या बोलल्या. दोन हजार प्रती शाळांकडे आणि वाचनालयांकडे रवाना झाल्या होत्या, त्या परत मागवता येणार नव्हत्या. पुढची आवृत्ती निघालीच तर मूळ रंगांत काढू. मास्तरांनी "बरं" म्हटले आणि फोन ठेवला. दोन हजार ठिकाणी ती मुलगी आता आपल्याच बापाच्या खांद्यावर पाहुणी म्हणून बसणार होती. ती पाहणाऱ्या मुलांत मुंगीसारखी किती असतील, याचा अंदाज करायला ते बसले आणि उठून गेले.

एवढे झाल्यावर घरी सांगणे राहिले होते. छापखान्यातल्या चुकीची कबुली छापखान्यात देऊन झाली, असे म्हणता आले असते, पण पुस्तक घरी होते आणि मुंगी ते रोज पाहत होती. तिने वडिलांच्या पानावर त्या माणसाला 'काका' असे नाव देऊन टाकले होते आणि गोष्ट स्वतःच्या मताप्रमाणे वाचत होती.

त्या संध्याकाळी लेक आणि जावई दोघेही तिला न्यायला आले. जावयांनी हत्यारांची पिशवी दाराशी ठेवली, हात धुतले. आजी मुंगीला घेऊन गच्चीवरचे कपडे काढायला गेली होती. लेकीने चहा केला. मास्तरांनी पुस्तक टेबलावर उघडून ठेवले.

"जावईबापू, बसा जरा. तुम्हाला एक सांगायचंय."

"बापरे," लेक म्हणाली, "बाबांनी पान उघडून बोलायला घेतलं म्हणजे आता तासाची निश्चिंती."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी सांगितले. जावयांना आता भाषा चांगली येत होती, तरी मास्तर सावकाश, सोपे शब्द शोधून बोलले. कोणती छटा उचलली तेही सांगितले. चित्रकर्तीपाशी केलेली लबाडीसुद्धा वगळली नाही.

जावयांनी पुस्तक जवळ घेतले आणि बराच वेळ पाहिले. मग मान हलवली.

"नाही बाबा. तुमच्या मनात तसं नव्हतं. हात चुकला, एवढंच. माझाही चुकतो."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"मला ठाऊक आहे. मुंगी झाली तेव्हा दवाखान्यात तुम्ही तिला पहिल्यांदा घेतलं. आणि म्हणालात, अगदी बापावर गेलीय. मला तेव्हा काही समजत नव्हतं, हिनं सांगितलं. मी लगेच माझ्या आईला फोन केला. ती रडली. तिला भीती होती, ते लोक बाळाला आपलं म्हणतील की नाही. अजूनही ती सगळ्यांना सांगते, मुलीचे आजोबा असं असं म्हणाले." ते हसले. "असं म्हणणारा माणूस मुद्दाम काही करत नाही."

मास्तरांना दवाखान्यातली ती सकाळ आठवली. बाळाला खिडकीपाशी उजेडात नेऊन त्यांनी नीट पाहिले होते आणि जाणकाराच्या थाटात म्हटले होते, "आत्ता असा दिसतोय, पण हा रंग पक्का नाही. उजळेल हळूहळू." खाटेवर पडलेली लेक त्यांच्याकडे पाहत होती. शेजारी उभे असलेले जावई तिला विचारत होते, काय म्हणाले, काय म्हणाले. तिने त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितले होते आणि त्यांचा चेहरा खुलला होता. आपल्या बोलण्याने तो खुलला, असे मास्तरांना तेव्हा वाटले होते.

त्यांनी लेकीकडे पाहिले. ती कपबशीची कड बोटाने पुसत होती.

"बाबा, चहा गार होतोय," ती म्हणाली.

जे मी सहा वर्षे झाकून ठेवले ते झाकलेलेच राहू द्या, एवढे ती मागत होती, हे मास्तरांना कळले. बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी, अंगात उठून बसायचे त्राण नसताना, त्या पोरीने बापाचे वाक्य पडता पडता झेलले होते. आता ते खरे सांगायचे तर तिचीही लबाडी उघडी पडणार होती. न सांगायचे तर समोरचा माणूस त्यांना त्यांनी कधी न उच्चारलेल्या वाक्याच्या जोरावर माफ करून मोकळा होणार होता, आणि समुद्रापलीकडे एक म्हातारी ते वाक्य शेजारणींना सांगत राहणार होती. छापखान्यात जे झाले तेच येथे झाले होते. नकोसा रंग पुसून दुसरा लावलेला होता, फक्त येथे तो लेकीने लावला होता आणि प्रेमाने लावला होता.

"मी तसं म्हटलं नव्हतं," मास्तर म्हणाले. "तिनं ते तुमच्यासाठी बदललं. तिचा दोष नाही. माझं ऐकवण्यासारखं नव्हतं."

जावयांनी लेकीकडे पाहिले नाही. "मग काय म्हणाला होतात?"

मास्तरांनी सांगितले. शब्द न शब्द.

"उजळेल म्हणजे?"

कामावर, बाजारात, रस्त्यात हा शब्द त्यांच्या कानावरून गेला असेलच. अर्थ विचारायची वेळ आली नसावी. मास्तरांनी अर्थही सांगितला. दुसरा एखादा सौम्य शब्द वापरावा असा मोह त्यांना झाला, तो त्यांनी आवरला. लेक खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

जावई म्हणाले, "आता आईला मी काय सांगू?"

"फोन लावा," मास्तर म्हणाले. "मी बोलतो. मी जे म्हणेन ते तुम्ही तिला जसंच्या तसं सांगा."

जावयांनी खिशातून फोन काढला. तो हातात धरून ते उघड्या पानाकडे पाहत राहिले. मग त्यांनी तो परत खिशात ठेवला.

"आज नको, बाबा. तिच्याकडे ते वाक्य सहा वर्षं आहे. एकदम नाही काढून घेता येणार." ते उठले. "आधी थोडे दिवस मी एकटा राहतो, तुम्ही आज सांगितलंत त्याच्याबरोबर. मग बघू."

जिन्यावर मुंगीची पावले वाजली. कपड्यांच्या ढिगामागून ती आत आली आणि बाबांना पाहून तिने ढीग आजीच्या हातात कोंबला. जावयांनी तिला उचलून खांद्यावर घेतले, दाराशी वाकून पिशवी उचलली आणि जाताना नेहमीप्रमाणे "येतो" म्हटले. ते मास्तरांकडे पाहून म्हटले की आजीकडे, हे मास्तरांना नीट कळले नाही. लेक मात्र मागे रेंगाळली. तिने बापाचा न प्यायलेला चहा उचलून मोरीत ओतला, कप विसळून पालथा घातला आणि मग ती त्यांच्यामागे गेली.